घरची सुखदुःखे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात बोलण्याविषयी आम्हांला विनंती केली, तेव्हा विषय कोणता ठेवावयाचा, असे आम्ही त्यांस विचारले. "गुरुजी, विषय कोणताही चालेल, पण अर्ध्या तासात आटोपते घ्या, पुढे पंगत बसावयाची आहे," असे त्यांनी सांगितले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि एकोणचाळीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी व पाढे शिकवून निवृत्त झालेले एक सामान्य शिक्षक आहोत. तत्त्वज्ञान किंवा राजकारण यांवर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि घर आम्हांलाही आहे, आणि घराबरोबर येणारी सुखदुःखे आमच्याही वाट्याला आली आहेत. तेव्हा त्यांविषयीच चार शब्द आपल्यासमोर ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

आपली ज्ञात कासारांची. आपल्या वाडवडिलांचे धंदे मुख्यतः दोन : एक तांब्यापितळेच्या भांड्यांचा आणि दुसरा बांगड्यांचा. या दोन वस्तूंवाचून एके काळी आपल्या मुलखात एकही संसार उभा राहत नसे. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर भांडी जात आणि तिच्या हातांत हिरव्या बांगड्या असत. लोकांचे संसार आपल्या दुकानातून मांडले जात, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

आमचे घर सोलापूर जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी. आमचे कैलासवासी वडील बांगड्यांचा धंदा करीत. आठवड्याच्या बाजारी घरच्या ओट्यावर दुकान मांडीत, इतर दिवशी दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जात आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वाट धरीत. रोख पैसे थोडे मिळत. पुष्कळ ठिकाणी ज्वारीच्या मापावर बांगड्या द्याव्या लागत.

कासाराच्या ओट्यावर बसले म्हणजे गावातील घराघरांची सुखदुःखे न विचारता कळतात. लेकीचा चुडा भरावयास आलेल्या आईच्या ओठांवर हसू असते आणि डोळ्यांत पाणी असते. डोहाळजेवणाच्या बांगड्यांसाठी सासू सुनेला घेऊन येते, तेव्हा दोघींचे कितपत पटते, हे भाव ठरण्यापूर्वीच समजते. नागपंचमीस माहेरी आलेल्या लेकी घोळक्याने येतात आणि त्यांच्यातील जी गप्प बसते, तिच्या सासरी काय चालले असेल याचा अंदाज येतो. बांगडीचे माप आपणां सर्वांस ठाऊकच आहे. 2-4 म्हणजे दोन इंच व चार आणे, अर्थात सव्वादोन इंच. त्यावर 2-6, मग 2-8. वडील हात मोजीत नसत. नुसता पंजा पाहून माप सांगत. 2-6 ची बांगडी घालणारी एखादी लेक दोन वर्षांनी 2-4 वर आलेली दिसली की, "काय गं, हात उतरला? जेवतेस की नाही?" असे ते हळूच विचारीत. बापाला जे सांगता येत नाही, ते तिने आपल्या कासारमामास सांगितल्याचे आम्ही लहानपणी कितीदा तरी ऐकिले आहे.

असो. घरातील दुःखे दोन जातींची असतात, असे आम्हांस वाटते. एक भांड्याच्या जातीचे आणि दुसरे बांगडीच्या जातीचे. घर म्हटले की भांड्याला भांडे लागणारच, ही म्हण आपल्याइतकी कोणास कळावी? चहात साखर कमी पडली, वर्तमानपत्र आधी कोणी उचलले, नातवाला आजोबांनी गूळ का दिला, पाहुण्यांसमोर सून आत का गेली, अशा कारणांवरून होणारे रुसवेफुगवे हे सर्व भांड्याच्या जातीचे. भांड्यास पोचा पडतो, पण तो ठोकून काढता येतो. कळकट झालेले भांडे चिंचेने घासले की पुन्हा लखलखते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहेत आणि सूनबाईही नोकरी करतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, सूनबाई कामाला निघताना दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवीत, आणि तो गार झालेला असे. आम्हांस गरम भाकरीची सवय. तीन दिवस आम्ही काही बोललो नाही, पण ताटात अन्न टाकू लागलो. चौथ्या दिवशी आमच्या पत्नी म्हणाल्या, "शाळेत मुलांना चूल पेटवायला शिकवलीत का कधी? ती पोर आठ वाजता घर सोडते. तुम्ही घरी बसून आहात. तव्यावर भाकरी गरम करायला मॅट्रिक पुरे." त्या दिवशी वयाच्या पासष्टाव्या वर्षी आम्ही प्रथम तवा हाती घेतला. हात भाजला, सूनबाई संध्याकाळी पुष्कळ हसल्या आणि त्यांनी स्वतः मलम लावले. त्यानंतर आमच्यात जो मोकळेपणा आला, तो आजतागायत टिकून आहे. पोचा असा निघतो.

सुखेही अशीच लहान असतात. दूरगावी असलेली नात फोनवर दिसते आणि पडलेला दात दाखविते, हे सुख. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून झाली आणि पहिल्या पावसात घर गळले नाही, हे सुख. चार भावंडे दिवाळीस एकत्र येऊन आईच्या हातची चकली कशी होती यावर वाद घालतात, हे तर मोठेच सुख. मोठ्या सुखाची वाट पाहत बसणारास ही सुखे दिसत नाहीत आणि मग घर सुने वाटू लागते.

परंतु दुसऱ्या जातीची दुःखे निराळी. बांगडी तडकली की तिला सांधा नाही. या ठिकाणी आपल्या भाषेने किती जपणूक केली आहे, ते पाहावे. बांगडी 'फुटली' असे आपल्या घरांत कोणी म्हणत नाही. ती 'वाढली' असे म्हणावयाचे. रोजच्या कामात एखादी बांगडी गेली तरी अशुभ शब्द तोंडातून येऊ नये, एवढी काळजी. आणि तेच आपण, घरातील कर्ता पुरुष गेला म्हणजे, त्याच्या पत्नीचे हात धरून तिच्या बांगड्या फोडीत आलो आहोत. त्या दिवशी मात्र 'वाढविणे' हा शब्द कोणास आठवत नाही. याविषयीच आज आम्हांस मुख्यतः बोलावयाचे आहे. सणासारख्या दिवशी हा विषय काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. परंतु सर्व ज्ञातिबांधव एकत्र जमतात, ते अशाच दिवशी.

1972 साली आम्ही चौदा वर्षांचे होतो. त्या वर्षीच्या दुष्काळाची आठवण वृद्ध मंडळींस असेलच. जेथे पोटास ज्वारी नाही, तेथे बांगड्या कोण भरणार? वडिलांचा धंदा बसला. त्यातच पोटाच्या विकाराने ते आजारी पडले आणि मार्गशीर्ष महिन्यात त्यांचे देहावसान झाले. मातोश्री तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. आम्ही थोरले, पाठच्या दोन बहिणी आणि धाकटा भाऊ अवघा चार वर्षांचा.

दहाव्या दिवशी आतल्या खोलीत जे झाले, ते आम्ही पाहिले नाही, ऐकिले मात्र. काचेचा आवाज आमच्या घरात रोजचा होता. पण तो आवाज निराळा होता. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीने केर काढला, तेव्हा त्यात हिरव्या काचा निघाल्या, आणि "दादा, दुकानातल्या की आईच्या?" असे तिने आम्हांस विचारले. आम्ही काही उत्तर दिले नाही.

त्यानंतर मातोश्रींनी दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडली. पाऊसपाणी झाल्यावर दुकान पुन्हा मांडले. पण गिऱ्हाईक येई आणि दारात थबके. कोणी वाईट बोलत नसे. "वाईट वाटून घेऊ नका हं, सणाचा दिवस आहे, दुसरे कोणी आहे का?" असे विचारीत. मग बाजारच्या दिवशी वडिलांचे एक वृद्ध चुलते येऊन बसत आणि शाळा सुटल्यावर आम्ही बसत असू. मातोश्री आत बसून बांगड्या निवडीत, मापे लावीत, दोरीत ओवीत. फिरोजाबादेहून आलेल्या मालातील तडकलेली बांगडी त्या डोळे मिटून, नखाने वाजवून ओळखीत. सगळा धंदा त्यांच्या हातून जाई, पण तो हात कोणास दिसू नये, अशी व्यवस्था होती. आणि त्या व्यवस्थेस आम्ही सर्वजण रीत म्हणत होतो.

बांगडी कशी भरावी, हे वडिलांनी आम्हांस शिकविले होते. ते म्हणत, "बाईला आधी हात सैल सोडायला सांगावे. मूठ आवळली की बांगडी वाढते. तिचा हात सैल सुटेपर्यंत आपण घाई करू नये. आणि आपलाही हात सैल हवा, हे विसरू नये." हे शेवटचे वाक्य आम्हांस तेव्हा समजले नव्हते.

1975 साली आम्ही मॅट्रिक झालो, दोन वर्षे अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि 1977 साली प्राथमिक शाळेत नोकरीस लागलो. पहिल्या पगारात मातोश्रींना लुगडे आणि बहिणींना बांगड्या आणल्या. कासाराच्या घरी विकतच्या बांगड्या आणल्या म्हणून सर्वजण हसले. मातोश्रींनी त्या बांगड्या हातांत घेऊन उजेडात फिरवून पाहिल्या, "माल चांगला आहे," असे म्हणाल्या आणि मुलींच्या हातांत भरल्या. आम्ही पुढे कितीदा तरी पगार आणला, वस्तू आणल्या. "आई, तुला बांगड्या भराव्याशा वाटतात का?" हा एक प्रश्न मात्र आम्ही एकदाही विचारला नाही. विचारावयाचा असतो, हेच सुचले नाही.

1979 साली थोरल्या बहिणीचे लग्न झाले. चुड्याच्या बांगड्या मातोश्रींनी आठ दिवस आधी निवडून ठेविल्या होत्या. चुडा भरतेवेळी मात्र त्या माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. भरणारे हात नातेवाइकांचे होते. आम्ही मांडवात पाहुण्यांची व्यवस्था पाहत होतो. पुष्कळ वर्षांनी बहीण म्हणाली, "दादा, चुड्याच्या दोन बांगड्या भरतानाच वाढल्या. आईचा हात असता तर वाढल्या नसत्या." मातोश्री 2003 साली निवर्तल्या. बांगड्यांनी भरलेल्या घरात एकतीस वर्षे त्यांचे हात मोकळे राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. परंतु तक्रार न करणे म्हणजे दुःख नसणे नव्हे, हा साधा धडा शिकावयास आमच्यासारख्या शिक्षकास फार वर्षे लागली.

धाकट्या बंधूने वडिलांचा धंदा पुढे चालविला. मोठ्या रस्त्यावर दुकान थाटले. काचेच्या बांगड्यांबरोबर इतर शृंगाराचे सामानही ठेविले. त्याचा हात वडिलांसारखाच हलका होता. 2021 च्या एप्रिल महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो आजारी पडला आणि बारा दिवसांत गेला. वय त्रेपन्न. त्या दिवसांत कोणकोणत्या घरांवर काय काय ओढवले, हे या सभागृहातील अनेकांस सांगावयास नको. शेवटचे मुखदर्शन नाही, खांदा देणे नाही, भेटावयास येणारांस मज्जाव. दुःख होतेच, ते वाटून घ्यावयास माणसे नव्हती.

दहाव्या दिवशीचा विधी उरकून आम्ही पाच-सहा माणसे घरी परतलो. आमच्या एक वृद्ध आत्या गावातच राहतात. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. त्या आल्या होत्या. भावजय भिंतीशी बसली होती. तिचा मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गात, मुलगी नववीत. दोघे तिच्या दोन बाजूंस. आत्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, तू थोरला. जी रीत आहे ती आजच उरकून घ्या. मागे ठेवू नये."

ज्ञातिबंधूंनो, खोटे कशाला सांगावे? आम्ही खाली मान घालून बसलो. एकोणचाळीस वर्षे वर्गात महात्मा फुले आणि महर्षी कर्वे यांचे धडे शिकविले, प्रश्नोत्तरे लिहून घेतली, न लिहिणारांस उभे केले. त्या क्षणी त्यांतील एकही उत्तर आम्हांस आठवले नाही. आतल्या खोलीतील तो जुना आवाज तेवढा आठवला, तरीही तोंड उघडेना.

बोलली ती भावजय. आपले दोन्ही हात पुढे करून ती म्हणाली, "आत्याबाई, संक्रांतीला या त्यांनी भरल्या. त्यांच्या हातच्या शेवटच्या आहेत. आपल्या माणसानं भरलेल्या बांगड्या आपणच फोडायच्या का?"

कोणी काही बोलले नाही. मग आमच्या पत्नी उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि आपला पदर तिच्या मनगटांवर घालून म्हणाल्या, "हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही. काढाव्याशा वाटतील त्या दिवशी ही आपल्या हातानं काढील. नाही वाटल्या तर नाही." आम्ही मान वर करून "होय, असेच होईल," एवढेच म्हणालो. आमचे त्या दिवशीचे कर्तृत्व एवढेच आणि तेही दुसऱ्याच्या मागून.

आत्या आमच्यावर रागावतील, असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षांची होते. मला कुणी विचारलंच नाही." आणि त्या रडू लागल्या. पंचावन्न वर्षांचे ते रडे होते. या घटनेवरून रीत चालविणाऱ्या वृद्ध स्त्रियांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही, हे ध्यानी यावे. ज्यांच्यावर ती रीत सर्वांत आधी चालली, त्यांच्याच हाती आपण ती पुढे चालवावयास दिली. पुरुष ओट्यावर बसून राहिले.

पुढची हकिकत साधी आहे. जूनमध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा भावजयीने दुकान उघडले. काम करताना त्या बांगड्यांपैकी दोन वाढल्या. मग उरलेल्या तिने काढून डब्यात जपून ठेविल्या आणि रोजच्या वापराच्या साध्या बांगड्या घातल्या. पहिल्या श्रावणात काही जुनी गिऱ्हाइके आली नाहीत. शेजारच्या गावी गेली. विक्री निम्म्यावर आली. तिच्या मुलाच्या शिक्षणाचे हप्ते भरण्यास आम्ही भावंडांनी हातभार लाविला, तो आमचा धर्मच होता.

त्याहून अवघड गेले ते कागदाचे काम. दुकानाचा परवाना बंधूच्या नावे, जागा बंधूच्या नावे, बँकेतील खाते त्याच्या एकट्याचे आणि त्यावर वारसाचे नाव नोंदविलेले नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा व मुलगी हे तिघेही पहिल्या वर्गाचे वारस, हे स्पष्ट आहे. तरीही ती नावे लागेपर्यंत तिला निरनिराळ्या कचेऱ्यांत वर्षभर हेलपाटे घालावे लागले. प्रत्येक खिडकीवर पतीच्या मृत्यूचा दाखला पुढे करावयाचा आणि प्रत्येक वेळी तीच हकिकत पुन्हा सांगावयाची. ज्या दुःखास आपण देवाघरचे म्हणतो, त्याचा एक मोठा भाग आपल्या आळसातून आलेला असतो, हे आम्ही त्या वर्षी पाहिले.

2023 च्या वैशाखातील गोष्ट. एक शेतकरी बाई आपल्या मुलीचा चुडा भरावयास दुकानी आल्या. भावजयीने नेहमीप्रमाणे बांगड्या काढून दाखविल्या आणि विचारले, "काकू, भरायला माझ्या मुलीला बसवू का?" ती बाई म्हणाली, "माझा चुडा तुमच्या मालकांनी भरला होता. लेकीचा तुम्ही भरा." "घरात विचारलंत ना?" "त्यात विचारायचं काय? एवढा हलका हात आणखी कुणाचा आहे?" भावजयीने चुडा भरला. नवरीने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला. त्या रात्री आम्हांस फोन आला. "भाऊजी, आज चुडा भरला. एकही वाढली नाही," एवढेच ती बोलली. आम्ही उभयता बराच वेळ जागे होतो. मातोश्रींची आठवण झाली, हे सांगावयास नकोच.

आता काही जण म्हणतील, गुरुजी, हा तुमच्या घरचा प्रसंग. ज्ञातीने यात काय करावे? म्हणून थोडे मागे वळून पाहावे. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा 1856 साली झाला. महर्षी कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला आणि 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. 1958 साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. आमचा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे कायदा झाल्यास शंभरावर वर्षे लोटली होती, सुधारकाचा राष्ट्राने गौरव केला होता, आणि तरीही 1972 साली आमच्या माजघरात त्याचा पत्ता नव्हता. कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. उंबऱ्याच्या आत त्यास घरच्या माणसांनीच घ्यावे लागते.

आपणांस आठवत असेल, 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद कराव्या, असा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे अनुकरण करावे, असे सुचविले. एका गावास जे जमले, ते ज्या ज्ञातीच्या हातून महाराष्ट्रातील लेकीसुनांनी पिढ्यान् पिढ्या बांगड्या भरून घेतल्या, त्या ज्ञातीस न जमावे काय? बांगडी फोडण्याची रीत मोडण्याचा पहिला मान खरे तर आपला आहे. भरणारे आपण, फोडण्यास 'नाही' म्हणावयाचेही आपणच.

म्हणून मंडळापुढे आणि प्रत्येक कुटुंबापुढे आम्ही तीन मागण्या नम्रतेने ठेवितो.

पहिली मागणी अशी की, पतीच्या मागे पत्नीच्या हाताला तिच्या इच्छेविरुद्ध कोणी हात लावू नये. तिला बांगड्या ठेवावयाच्या असतील तर ठेवू द्याव्या, काढावयाच्या असतील तर काढू द्याव्या. सुधारणेच्या नावाखाली बळेच घालावयासही लावू नये. आमच्या आत्यांना आम्ही पुढे एकदा बांगड्यांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "आता मनगटाला सवय नाही रे. पण विचारलंस, बरं वाटलं." आम्ही आग्रह केला नाही. विचारणे हेच मुख्य आहे.

दुसरी मागणी मंडळाच्या पद्धतीविषयी. आपल्या निमंत्रणपत्रिकांत व देणगीदारांच्या यादीत स्त्रियांच्या नावांपूर्वी 'सौ.' आणि 'गं. भा.' अशी उपपदे छापली जातात. पुरुषाची पत्नी हयात आहे की नाही, हे त्याच्या नावावरून कोणी ओळखते काय? मग स्त्रीच्याच नावावर ही पाटी का लावावी? नुसते नाव छापावे. आमच्या पत्नींनी आम्हांस हे स्पष्ट बजावले असल्यामुळे, आजच्या संपूर्ण भाषणात आम्ही त्यांचा उल्लेख 'सौ.' असा केलेला नाही, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. तसेच मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास ज्ञातीतील सर्व भगिनींस एकाच पत्रिकेने बोलवावे, आणि वाण देण्याघेण्यात भेद करू नये.

तिसरी मागणी पुरुषमंडळींस. घरी गेल्यावर आपले कागद काढून पाहावे. बँकेच्या खात्यावर वारसाचे नाव आहे काय? घर आणि दुकान यांच्या कागदांवर पत्नीचे नाव लाविता येण्याजोगे आहे काय? विम्याचा कागद कोठे ठेविला आहे, हे तिला ठाऊक आहे काय? हे काम अशुभ समजून आपण टाळतो. वास्तविक, पत्नीस पैठणी घेऊन देण्यात जितके प्रेम आहे, तितकेच या कागदांवर तिचे नाव लिहिण्यात आहे. पैठणी पेटीत राहते. कागद पुढे तिच्या कामास येतो.

चिटणीसांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्हांस दिसले. पंगतीचा खोळंबा करण्याचे पाप आम्ही डोक्यावर घेत नाही. घरात भांड्याला भांडे लागत राहील. ते लागले नाही तर घरात माणसे आहेत, हे कळणार कसे? त्याची चिंता करू नये. बांगडीसारखी दुःखेही येतील. ती कोणाच्या दारास चुकली नाहीत. ती आली असता घराने मूठ आवळू नये, एवढेच आपल्या हाती आहे. "आपलाही हात सैल हवा," असे आमचे वडील म्हणत, त्याचा अर्थ आम्हांस उशिरा कळला. आपणां सर्वांस तो वेळेवर कळो, आणि आपल्या घरांतील लेकीसुनांचे हात त्यांच्या मनाप्रमाणे भरलेले राहोत, अशी कुलस्वामिनीच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.